सेन्सर गेलाय की नुसता कनेक्टर काळा पडलाय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही गडबड असेल तर लगेच कळेल. इलेक्ट्रिक बिल्ट-इन ओव्हन, डिजिटल डिस्प्लेवाला, सातेक वर्षं वापरलेला. २०० अंशावर लावला तरी केक मधे कच्चा राहतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवून बघितलात तर तो १७० च्या आसपास दाखवतो, आणि गेल्या महिन्याभरात तीन-चार वेळा मधेच बीप होऊन एरर आला नि ओव्हन बंद पडला, थंड झाल्यावर परत काही झालंच नाही असा चालू. बघायला आलेल्या माणसाने न उघडताच "बोर्ड गेलाय", म्हणजे ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलंय, म्हणून सांगितलं आणि तुम्ही विचारताय की बोर्डाच्या आधी तापमान मोजणारा सेन्सर बदलून बघू का.

आत्ता दोन्हीतलं काहीच विकत घेऊ नका. दोन्ही लक्षणं एकत्र बघितली तर माझा पहिला संशय सेन्सरच्या मागच्या दोन पिनांच्या कनेक्टरवर, म्हणजे सेन्सरची वायर पुढच्या वायरीला जोडणाऱ्या सांध्यावर जातो. का ते सांगतो, कारण ते एकदा समजलं की पुढची सगळी तपासणी तुमची तुम्हालाच सुचेल.

अशा ओव्हनमधे बहुतेक वेळा प्लॅटिनमचा सेन्सर असतो, आतल्या मागच्या भिंतीतून किंवा वरच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली पेन्सिलपेक्षा बारीक स्टीलची कांडी दिसते ना, ती. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो (तो ओहममधे मोजतात), एवढंच त्याचं काम. दोन प्रकार सर्रास दिसतात, पीटी १००० आणि पीटी ५००, नावातला आकडा म्हणजे शून्य अंशाला किती ओहम. पीटी १००० असेल तर २५ अंशाला साधारण १०९७ ओहम, १०० अंशाला १३८५, २०० अंशाला १७५८ च्या आसपास. पीटी ५०० असेल तर सगळं बरोबर निम्मं. बोर्ड बिचारं ओव्हनच्या आत डोकावून बघत नाही, त्याला फक्त ओहम दिसतात आणि त्यावरून ते अंश ठरवतं.

आता समजा कनेक्टरची पिन काळी पडली, ढिली झाली आणि तिथे फुकटचे ११० ओहम तयार झाले. ओव्हन खरा १७० ला आहे, म्हणजे सेन्सर १६४८ देतोय, त्यात हे ११० मिळवा, झाले १७५८, बोर्ड म्हणतं २०० झाले आणि कॉइल बंद करतं. तुमचे ३० अंश इथे गेले. आणि तोच ढिला सांधा गरम होऊन पसरला आणि क्षणभर पूर्ण सुटला तर रेझिस्टन्स एकदम अनंत, बोर्डाला वाटतं आत भट्टी पेटली, ते घाबरून एरर देतं आणि सगळं बंद करतं, थंड झाल्यावर पिन परत टेकते आणि तुम्ही म्हणता आता तर नीट चाललंय! एकाच कारणाने दोन्ही गोष्टी होतात म्हणून माझा संशय तिकडे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ओव्हन लावलेल्यापेक्षा जास्त तापत असेल, सगळं करपत असेल, तर प्लॅटिनम सेन्सरच्या बाबतीत कनेक्टरचा गंज हे कारण असूच शकत नाही, कारण गंजाने रेझिस्टन्स वाढतो आणि वाढलेला रेझिस्टन्स म्हणजे बोर्डासाठी जास्त गरम. काही ओव्हनमधे मात्र एनटीसी नावाचा उलट्या स्वभावाचा सेन्सर असतो, गरम झाल्यावर त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, तिथे हे सगळं गणित उलटं करायचं, गंजाने ओव्हन जास्त तापेल. म्हणून आपल्याकडे कुठला आहे हे आधी मीटरनेच, म्हणजे ओहम मोजणाऱ्या मल्टिमीटरनेच ठरवायचं, अंदाजाने नाही.

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एक फुकटची तपासणी आहे. रात्रभर बंद असलेला, पूर्ण थंड ओव्हन सकाळी चालू करा आणि डिस्प्लेवर आतलं तापमान दिसत असेल तर ते बघा. वरच्या उदाहरणातल्या ओव्हनमधे थंडगार असताना सेन्सरचे १०९७ आणि सांध्याचे ११० असे १२०७ ओहम बोर्डाला दिसतील, म्हणजे ते ५४ अंशाच्या आसपास दाखवेल. खोलीत २५ अंश असताना ओव्हन ५४ म्हणतोय तर आणखी पुरावा काय पाहिजे. तापमान दिसत नसेल तर बघा की वापर झाल्यावर 'अजून गरम आहे' ही खूण किंवा कूलिंग फॅन अवेळी किती तरी तास चालू राहतो का, काही मॉडेलमधे हे सेन्सरच्याच आकड्यावर ठरतं.

आणि तुमच्या त्या वेगळ्या थर्मामीटरबद्दल. तो मधल्या रॅकवर बरोबर मधोमध ठेवला होता ना? दाराजवळ किंवा कॉइलला खेटून ठेवला तर त्याच्या आकड्याला काही अर्थ नाही. ओव्हन किमान अर्धा तास तापू द्या, मग दार न उघडता काचेतून बघत वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा लिहून घ्या. कॉइल चालू-बंद होत राहते त्यामुळे १०-१५ अंश वर-खाली होणं अगदी नॉर्मल आहे, बघायची ती सरासरी. सरासरी १९० येत असेल तर ओव्हनमधे फॉल्टच नाही, तुम्ही नेमकं खालचं टोक बघत होतात. सरासरीच १७० असेल तर पुढे चला.

आता उघडायचं. प्लग काढायचा, बिल्ट-इनचा प्लग हाताला येत नसेल तर त्या लाईनचा एमसीबी पाडायचा, आणि पाडल्यावर ओव्हनचा दिवा खरंच लागत नाही ना हे बघायचं, कारण चुकीचा एमसीबी पाडून काम सुरू केलेले लोक मी पाहिलेत. ओव्हन पूर्ण थंड पाहिजे. तुमचा नुसता ओव्हन आहे म्हणून हे सांगतोय, ज्यांचा मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एकत्र आहे त्यांनी कव्हर उघडायचंच नाही, त्यातला हाय व्होल्टेजचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही चार्ज धरून राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. ते काम ज्याचं त्यालाच करू द्या.

बऱ्याच ओव्हनमधे सेन्सर आतून दोन स्क्रूंवर असतो, स्क्रू काढले की कांडी हलकेच आपल्याकडे ओढायची, मागून थोडी वायर बाहेर येते आणि मग कनेक्टर येतो. इथे घाई करू नका. कनेक्टर सोडवायच्या आधी ओव्हनकडच्या वायरीला चिमटा लावा किंवा जाड दोऱ्याने गाठ मारून रॅकला बांधून ठेवा. मी सुरुवातीच्या काळात हे न करता कनेक्टर सोडवला आणि वायर सुळकन भोकातून मागे ग्लास वूलमधे (उष्णता अडवायला भिंतीत भरलेल्या काचेच्या कापसात) गेली, मग ती शोधायला ऐंशी-नव्वद किलोच्या घरात असलेला फ्रीस्टँडिंग ओव्हन भिंतीपासून ओढून मागचं अख्खं पॅनल काढावं लागलं, पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस. तेव्हापासून खिशात दोरा असतो. आणि हातमोजे घाला, ग्लास वूल हाताला खाजतं ते वेगळंच, पण त्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

काही मॉडेलमधे कनेक्टर आतून येतच नाही, मागूनच पॅनल काढावं लागतं. तसं असेल तर ओव्हन बाहेर काढायला दुसरा माणूस घ्या.

कनेक्टर बाहेर आला की मीटर लावायच्या आधी डोळ्यांनी बघा, मोबाईलचा टॉर्च मारून. चांगली पिन चकचकीत असते. वाईट पिनेवर तपकिरी-काळा थर असतो, आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडून ठिसूळ झालेलं असतं, नखाने टोकरलं तर कण सुटतात. अशी पिन दिसली तर चोर सापडला, पण तरी मोजा, कारण एक चोर सापडला म्हणजे दुसरा नाही असं नसतं.

मीटर २ किलोओहमच्या रेंजला ठेवा. आधी दोन्ही प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, एकमेकांना टेकवून बघा, शून्य किंवा फार तर एखादा ओहम येईल, तेवढं वजा धरायचं. मग सेन्सरच्या दोन पिनांवर. थंड ओव्हनमधे ११०० च्या आसपास आलं तर पीटी १०००, ५५० च्या आसपास तर पीटी ५००. काहीच येत नसेल तर रेंज वाढवून बघा, कित्येक हजार किंवा लाखभर ओहम आले आणि कांडी मुठीत धरल्यावर आकडा कमी व्हायला लागला तर तो एनटीसी. या मोठ्या आकड्यांच्या वेळी प्रोबची टोकं बोटांनी दाबून धरू नका, अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जातो आणि मग उगाच सेन्सरवर आळ येतो. सगळ्यात वरच्या रेंजलाही काहीच नसेल तर सेन्सर आतून तुटलाय, विषय संपला, नवीन घ्या.

आकडा बरोबर आला तरी सेन्सरला लगेच सुट्टी देऊ नका. मीटर लावलेलाच ठेवून कांडीचं टोक हेअर ड्रायरने तापवा आणि आकड्याकडे बघत रहा. तो सरळ, एका चालीने चढत जायला पाहिजे, मधेच उडी मारणं, गायब होणं, परत येणं असं काही दिसलं तर आत केसाएवढी चीर आहे. त्याच वेळी दुसऱ्या हाताने कांडीच्या मागच्या टोकाजवळची वायर हलकेच इकडेतिकडे वाकवा, बहुतेक वायरी तिथेच, कांडीतून बाहेर येतात तिथेच तुटतात. नुसतं थंड सेन्सरला मीटर लावून "ठीक आहे" म्हणणारे इथेच फसतात.

अजून खात्री पाहिजे असेल तर बर्फ आणि उकळतं पाणी. चुरलेला बर्फ आणि थोडंसं पाणी ग्लासात भरायचं, कांडीचं फक्त टोक बुडवून ढवळत राहायचं, मागचं वायरीकडचं टोक चुकूनही भिजवायचं नाही. पीटी १००० असेल तर १००० च्या अगदी जवळ येऊन थांबला पाहिजे. उकळत्या पाण्यात १३८५, पण उंचावर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश धरा, म्हणजे १५०० मीटरवर ९५ अंश आणि आकडा १३६६ च्या आसपास. हा फरक माहीत नसेल तर चांगला सेन्सर फेकला जातो. बर्फाचा आकडा मात्र कुठेही तोच येतो म्हणून माझा भरवसा बर्फावर जास्त.

मग एक प्रोब पिनेवर आणि दुसरा कांडीच्या स्टीलवर लावून बघा, मीटरच्या सगळ्यात मोठ्या रेंजला, काहीही दिसता कामा नये. दिसलं तर आतलं इन्सुलेशन गेलंय किंवा ओल धरलीय. काही सेन्सरमधे आत सिरॅमिकची पावडर असते, ती पाणी शोषते, वाफेने किंवा ओल्या फडक्याने ओव्हन सढळ हाताने साफ केल्यावर लगेच एरर यायला लागला तर हा प्रकार असू शकतो आणि कधीकधी नीट वाळल्यावर जातोही. पायरोलिटिक साफसफाई, म्हणजे आतली घाण प्रचंड उष्णतेने जाळून राख करायची सोय, असलेल्या ओव्हनचं वेगळं, तिथे आतलं तापमान ५०० अंशाच्या आसपास जातं आणि आधीच दमलेला सेन्सर किंवा कनेक्टर बरेचदा त्या रात्रीच राम म्हणतो. सण-समारंभाच्या आदल्या दिवशी ती सायकल लावू नका एवढंच सांगेन.

सेन्सर सगळीकडे पास झाला तर वायरिंग. वरचं कंट्रोल पॅनल उघडून बोर्डाकडच्या कनेक्टरवर मोजा, म्हणजे बोर्डापासून वायर काढून वायरीच्या पिनांवर, सेन्सर जोडलेला ठेवून. सेन्सरपाशी १०९७ आणि बोर्डापाशी १०९८ आलं तर वायरिंग उत्तम. बोर्डापाशी १२०७ आलं तर मधल्या वायरीत किंवा सांध्यात ११० ओहम बसलेत, आणि आता वायर हलवत हलवत मागे जा, जिथे हलवल्यावर आकडा नाचतो तिथे फॉल्ट. पॅनल उघडल्यावर आत कुठे तरी घडी घातलेला सर्किटचा कागद चिकटवलेला असतो का तेही बघा, बऱ्याच मॉडेलमधे असतो, त्यावर सेन्सरचे ओहम आणि एरर कोडचा अर्थ दोन्ही छापलेलं असतं. कोडचा अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या ओव्हनचा कोड बघून निष्कर्ष काढू नका.

बोर्डाची परीक्षाही सोपी आहे. १ किलोओहम आणि १०० ओहमचे दोन रेझिस्टर, एक टक्का टॉलरन्सचे, एकामागे एक जोडून ११०० ओहम करायचे आणि ओव्हन बंद असताना सेन्सरच्या जागी वायरीला लावायचे, पीटी १००० साठी हे म्हणजे २६ अंश. मग लाईन चालू करून फक्त डिस्प्ले बघायचा. तुमचा एरर येतो-जातो, त्यामुळे नुसता एरर आला नाही म्हणून खूश होऊ नका, तापमानाचा आकडा २५-२६ ला स्थिर राहतो का ते बघा. राहिला तर बोर्ड ठीक. वायरिंग चांगलं असूनही तो ५० दाखवत असेल किंवा एरर तसाच येत असेल तर त्या माणसाचं म्हणणं खरं, बोर्ड गेलाय. पण या अवस्थेत ओव्हन तापवायचा नाही, कधीच नाही! बोर्डाला कायम २६ च अंश दिसणार, ते कॉइल बंदच करणार नाही, आणि मग तुम्ही आणि आग यांच्यामधे फक्त एक छोटा सेफ्टी कटआउट, अति तापल्यावर वीज तोडणारा, उरतो.

मी स्वतः एकदा हे काहीही न करता बोर्ड बदललाय. चोर सोडून संन्याशाला फाशी. नवीन बोर्ड लावलं, ओव्हन चालला, मी छाती फुगवून घरी आलो आणि आठवड्यात तोच एरर परत. झालं असं होतं की पॅनल उघडता-लावताना वायरी हलल्या आणि ढिली पिन तात्पुरती नीट टेकली, श्रेय मिळालं बोर्डाला. दुसऱ्या खेपेला मान खाली घालून तो कनेक्टर बदलला, बोर्डाचे पैसे परत केले ते वेगळंच.

कनेक्टर बदलायचा तर नीट बदला. काळ्या पिना पॉलिश पेपरने घासून परत जोडल्या तर काही दिवस चालतं पण वरचा मुलामा गेलेला असतो, परत काळं पडतं. खराब टोकं कापून निकेल मुलाम्याची, उष्णता सहन करणारी नवीन टर्मिनल क्रिंप करा, म्हणजे खास पकडीने वायरीवर दाबून बसवा, वर ग्लास फायबरची नळी चढवा. सोल्डर नको, साधं शिशाचं सोल्डर १८३ अंशाला मऊ पडायला लागतं. घरातली साधी पीव्हीसी वायर तर अजिबातच नको, तिची मर्यादा ७० अंशाच्या घरात, आणि इन्सुलेशन टेप म्हणजे दोन महिन्यांत चिकट डांबर.

सेन्सरच घ्यायची वेळ आली तर दार उघडल्यावर चौकटीवर जे स्टिकर दिसतं त्यावरच्या पूर्ण मॉडेल नंबरावरून घ्या. दिसायला सारखा म्हणून घेतलेला पीटी ५०० पीटी १००० च्या जागी बसेल छान, स्क्रूही जुळतील, पण बोर्डाला ५४९ ओहम दिसले की ते उणे शंभरच्याही खाली समजून एरर देणार. कांडीची लांबी पण बघा, टोक भिंतीला किंवा रॅकला टेकता कामा नये, हवेत मोकळं पाहिजे.

ज्यांच्या ओव्हनला डिस्प्ले नाही, फक्त फिरवायचा नॉब आहे, त्यांना यातलं ओहमचं काहीच लागू नाही. तिथे नॉबच्या मागे थर्मोस्टॅट आणि त्यातून निघालेली बारीक तांब्याची नळी असते, नळीच्या टोकाच्या बल्बमधलं द्रव तापून फुगतं आणि काँटॅक्ट उघडतं. नळीला घडी पडली किंवा ती चिरली तर द्रव निघून जातं आणि काँटॅक्ट उघडतच नाही, ओव्हन तापतच राहतो. दुरुस्ती नाही, अख्खा थर्मोस्टॅट बदलायचा.

अजून एक, सेटिंगमधे तापमान वर-खाली ॲडजस्ट करायची सोय असते, बऱ्याच ओव्हनला २० अंशापर्यंत, आणि लोक ३० चा फरक दिसला की आधी तिकडे धावतात. चांगल्या सेन्सरचा ५-१० अंशाचा फरक असेल तर खुशाल वापरा. पण गंजलेल्या सांध्याचा रेझिस्टन्स एका जागी थांबत नाही, आज ११०, पुढच्या महिन्यात २००, आणि एखाद्या दिवशी पिन साफ टेकली की तुमचे वाढवलेले २० अंश वर चढून सगळं करपणार.

तर आधी सकाळचा थंड आकडा बघा, मग कनेक्टरचा फोटो काढा, मग थंड असतानाचे ओहम सेन्सरपाशी किती आणि बोर्डापाशी किती. हे चार आकडे-फोटो पाठवलेत तर पुढचं नक्की सांगता येईल, आणि तोपर्यंत केक करायचाच असेल तर ओव्हन चालू ठेवून बाहेर जाऊ नका.